जुनी गाडी विजेवर करावी, की कारखान्याची नवी घ्यावी? : एक अभ्यास

आपल्या निवासी विद्यालयातून शिकून बाहेर पडलेले अनेक माजी विद्यार्थी आज रत्नागिरी, लांजा, राजापूर, चिपळूण या परिसरात गाड्यांच्या व्यवसायात आहेत. कोणी गॅरेज चालवतो, कोणी टेम्पोने आंबा आणि मासळी पोहोचवतो, कोणाचा संसार वडापच्या गाडीवर उभा आहे. इंधनाचा खर्च वाढत गेला, तसा या मंडळींच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. असलेली जुनी गाडी विजेवर करून घ्यावी, की कर्ज काढून कारखान्यातून आलेली विजेवरची नवी गाडी घ्यावी?

वरवर पाहता हा केवळ खर्चाचा प्रश्न वाटतो. परंतु ज्या घरात गाडी हीच एकमेव मालमत्ता आहे, त्या घरात चुकलेल्या निर्णयाची झळ थेट मुलांच्या शिक्षणापर्यंत पोहोचते. म्हणून हा विषय ऐकीव माहितीवर न सोडता इतिहास, विज्ञान, हिशेब आणि कायदा या चार अंगांनी तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विजेची मोटार नवी नाही

विजेवर चालणारी मोटार हा एकविसाव्या शतकाचा शोध आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. १८९९ साली कामिय जेनात्झी या बेल्जियन चालकाने ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला, तो विजेच्या मोटारीतून. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करण्यासाठी हँडल फिरवावे लागे, आणि उलटा झटका बसला तर हात मोडे. विजेची गाडी मात्र निमूटपणे सुरू होत असे. पुढे १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला, फोर्डच्या कारखान्यातून पेट्रोलच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या, तेलही मुबलक झाले आणि विजेची मोटार मागे पडली. तिचा पराभव मोटरने केला नाही, बॅटरीने केला. आजही या प्रश्नाची गाठ बॅटरीपाशीच आहे.

एका शक्तीवर चालणारे साधन दुसऱ्या शक्तीवर आणणे, हेही महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईत १८७४ मध्ये ट्राम सुरू झाली तेव्हा ती घोडे ओढत. १९०७ मध्ये ती विजेवर धावू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. आपल्या दाराशी असलेली कोकण रेल्वे १९९८ मध्ये डिझेलवर पूर्ण मार्गाने सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाले. वाराणसीच्या रेल्वे कारखान्याने तर जुनी डिझेल इंजिने विजेवर आणून दाखवली आणि २०१९ मध्ये ती रुळावर आली.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी बदलाची जबाबदारी घेणारी संस्था होती, तिच्याजवळ अभियंते होते, चाचणीची सोय होती आणि काही बिघडले तर उत्तर कोणी द्यायचे हे ठरलेले होते. गल्लीतल्या गॅरेजमध्ये होणाऱ्या रूपांतराचा विचार करताना हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागेल.

आपला जिल्हा आणि वीज

रत्नागिरी जिल्ह्याचे विजेशी नाते जुने आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळवून ज्या भूमिगत केंद्रात वीज तयार होते, ते पोफळी आपल्याच चिपळूण तालुक्यात आहे. जयगड येथे १२०० मेगावॉटचे कोळशावरील केंद्र आहे. म्हणजे विजेची गाडी धूर सोडत नाही हे खरे असले, तरी तिच्या वाट्याचा काही धूर दुसऱ्या गावाच्या डोक्यावर सोडला जातो. पोफळीच्या पाण्याची वीज आणि जयगडच्या कोळशाची वीज एकाच तारेतून येते. ही जाणीव ठेवूनही गाडीपुरता विचार केला, तर विजेचा वापर अधिक काटकसरीचा ठरतो. तो कसा, हे पुढे येईलच.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे एका गोष्टीची नोंद करणे आवश्यक वाटते. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते याच काळात. स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांच्या मांडणीची दिशा होती. कामगारांच्या तांत्रिक प्रशिक्षणाचे कामही त्याच खात्याकडे होते. वीज आणि ती हाताळू शकणारा शिकलेला हात, या दोन गोष्टी त्या विचारात एकत्र होत्या. आपल्या आजच्या प्रश्नातही त्या एकत्रच पाहाव्या लागतात.

रूपांतर म्हणजे नेमके काय?

जुनी गाडी विजेवर करताना इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि इंधनाची टाकी काढून टाकली जाते. त्यांच्या जागी विजेची मोटर, तिला किती प्रवाह द्यायचा हे ठरवणारा कंट्रोलर, बॅटरी आणि चार्जर बसतात. अनेकदा मूळ गिअरबॉक्स तसाच ठेवून मोटर त्याला जोडली जाते. त्यासाठी एक जोडपट्टी अचूक मापाने कातून घ्यावी लागते. ती केसभर वाकडी झाली तरी बेअरिंग लवकर खराब होते.

हे काम आपल्याकडच्या कुशल फिटरच्या आवाक्यातले आहे, यात शंका नाही. अडचण सुरू होते ती पुढच्या बारकाव्यांपासून. मोटारीचा ब्रेक हलका लागतो, कारण इंजिन चालू असताना निर्माण होणाऱ्या निर्वाताचा त्याला आधार मिळतो. इंजिन काढले की हा आधार जातो, आणि वेगळा विजेचा पंप बसवला नाही तर ब्रेक दगडासारखा जड होतो. दिवे, वायपर आणि हॉर्न १२ व्होल्टवर चालतात, म्हणून मोठ्या बॅटरीतून तेवढाच दाब काढून देणारे वेगळे यंत्र लागते. बॅटरीचे वजन शंभर किलोंच्या पुढे जाते. ते कोठे बसवले यावर गाडीचा तोल आणि मागच्या पाट्यांवरचा भार बदलतो.

सर्वांत नाजूक भाग बॅटरीचाच. ती शेकडो लहान घटांची मिळून बनते. प्रत्येक घटाचे तापमान आणि दाब यांवर लक्ष ठेवणारी नियंत्रण प्रणाली नसेल, तर एक घट बिघडून शेजारच्या घटांना पेटवू शकतो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात अनेक ठिकाणी विजेच्या दुचाकींना आगी लागल्या, त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेची मानके अधिक कडक केली. मोठ्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या बॅटऱ्यांबाबत हे घडले, तर सुटे घट आणून गॅरेजमध्ये जोडलेल्या बॅटरीबाबत किती सावध असावे लागेल, हे वेगळे सांगायला नको. त्यात आपला कोकणचा पाऊस, दमट खारी हवा आणि गंजलेला पत्रा. चार महिने पाण्यातून जाणाऱ्या गाडीत बॅटरीची पेटी पाणबंद नसेल, तर धोका दुप्पट होतो.

विज्ञानाचा हिशेब

आता थोडे गणित करू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. २८ लिटरच्या टाकीत सुमारे २५० युनिट झाली. तेवढ्या पेट्रोलचे वजन अवघे २१ किलो. पण पेट्रोलचे इंजिन यातील साधारण पाव भागच चाकांपर्यंत पोहोचवते, उरलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. विजेची मोटर मात्र बॅटरीतील ऊर्जेचा पाऊण भागाहून अधिक हिस्सा चाकांना देते. हीच तिची काटकसर.

समजा, एका लहान जुन्या मोटारीत आपण १५ युनिटची बॅटरी बसवली. ती पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून वापरायला १३ युनिट मिळतील. एका युनिटला सात किलोमीटर धरले, तर गाडी ९० किलोमीटर जाईल. रत्नागिरीहून निघून चिपळूण गाठेपर्यंत बॅटरी संपत येईल. कोल्हापूर तर या गणितात बसतच नाही.

घाटाचाही विचार करावा लागतो. १००० किलो वजनाची गाडी ६०० मीटर उंच चढवायची असेल, तर निव्वळ चढण्यासाठी सुमारे १.६ युनिट ऊर्जा लागते. मोटरमधील घट धरली तर जवळपास २ युनिट. म्हणजे आंबा घाटासारखा चढ सपाटीवरचे १४ किलोमीटर खाऊन टाकतो. उतरताना मोटर उलट काम करून काही वीज बॅटरीत परत भरू शकते. कारखान्याच्या गाडीत ही सोय ब्रेकशी नीट जुळवलेली असते. रूपांतरित गाडीत ती आहे का आणि कितपत जुळवली आहे, हे विचारून घ्यावे लागते.

पैशाचा हिशेब

खालील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनी आपापले आकडे घालून हिशेब करावा. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर धावते असे मानले, तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. वीज १० रुपये युनिट आणि युनिटला ७ किलोमीटर मानले, तर सुमारे १ रुपया ४० पैसे. म्हणजे किलोमीटरमागे साडेपाच रुपयांच्या आसपास बचत झाली.

रूपांतराचा खर्च पाच लाख रुपये धरू. तो वसूल व्हायला गाडीने जवळपास ९०,००० किलोमीटर धावले पाहिजे. दिवसाला ३० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस गाडी चालवणाऱ्याला दहा वर्षे लागतील. दिवसाला १०० किलोमीटर धावणाऱ्याला तीन वर्षे पुरतील. यातून एक विचित्र स्थिती दिसते. ज्याची धाव कमी, त्याला रूपांतर परवडत नाही. ज्याची धाव जास्त, त्याला परवडते, पण त्याला ९० किलोमीटरची बॅटरी दिवसभर पुरत नाही. ठरावीक मार्गावर सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारणारा आणि दुपारी दोन-तीन तास गाडी चार्जिंगला लावू शकणारा टेम्पोवालाच या दोहोंच्या मधे बसतो.

दुसरा प्रश्न गाडीच्या वयाचा. पंधरा वर्षे झालेल्या गाडीचा पत्रा समुद्रकाठच्या हवेने खाल्लेला असेल, तर दहा वर्षांत वसूल होणारा खर्च तिच्यावर करणे म्हणजे पडक्या भिंतीला नवे दार बसवणे.

आता कारखान्याची गाडी पाहू. टाटा टियागोची विजेवरची आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये ८ लाख ४९ हजार रुपये या प्रारंभीच्या किमतीला बाजारात आली. तिच्यात १९.२ किंवा २४ युनिटची बॅटरी येते आणि बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. एप्रिल २०२३ मध्ये एमजी कॉमेट ७ लाख ९८ हजारांना आली. छोटा हत्ती म्हणून आपण ओळखतो त्या टाटा एसचीही विजेवरची आवृत्ती २०२२ मध्ये जाहीर झाली. राज्याच्या विद्युत वाहन धोरणांतून नव्या गाडीला सवलतीही मिळत आल्या आहेत. जुन्या गाडीची किंमत, रूपांतराचा खर्च आणि त्यासाठी न मिळणारे बँकेचे कर्ज हे सारे जमेस धरले, तर नव्या गाडीतील अंतर वाटते तेवढे मोठे राहत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बाब स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

याचा अर्थ जुनी गाडी विजेवर करताच येत नाही, असा नाही. २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त विद्युत संच बसवण्याचा मार्ग खुला झाला. असा संच पुण्याच्या एआरएआय या १९६६ पासून कार्यरत असलेल्या वाहन संशोधन संस्थेसारख्या चाचणी संस्थेकडून प्रमाणित व्हावा लागतो. तो अधिकृत केंद्रात बसवावा लागतो आणि त्यानंतर आरटीओकडे आरसी बुकातील इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. पुण्यातील नॉर्थवे मोटरस्पोर्टसारख्या कंपन्या असे संच तयार करण्याच्या कामात आहेत. संचाला मान्यता नसेल, तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाईचा सारा बोजा मालकावर येतो. वडापमध्ये आठ-दहा माणसे बसलेली असतात, हे विसरू नये.

इचलकरंजी आणि देवराष्ट्रे

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आपली माणसे यंत्रे केवळ वापरणार, की घडवणारही? या संदर्भात महाराष्ट्रातील दोन उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये स्वतःच्या कल्पनेने एक लहान मोटार बनवली. पुढील दोन दशके ते तिच्यात सुधारणा करत राहिले. 'मीरा' या नावाने ओळखली गेलेली ही गाडी सुमारे बारा हजार रुपयांत सामान्य माणसाला देता येईल, असा त्यांचा विश्वास होता. परंतु परवाने आणि परवानग्यांच्या त्या युगात तिचे उत्पादन कधी सुरू झाले नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातील सुट्या भागांतून, सुमारे साठ हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. ती नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर अडवली जाईल हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही गेली.

या घटनेचे आपण सर्वांनी कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात एक रिकामी जागा दिसते. कारागिराच्या कौशल्याचा सन्मान झाला तो कारखान्याची गाडी देऊन. त्याची स्वतःची गाडी तपासून, तिच्यातील उणिवा दाखवून, ती रस्त्यावर येण्यायोग्य करण्याची पायरी त्याच्या आवाक्यात नव्हती. गावच्या भात्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या जमलेले ज्ञान आणि चाचणी संस्थेचे दार यांमध्ये शिक्षणाचे, पैशाचे आणि ओळखीचे अंतर आहे. बलुतेदारीत ज्यांच्या हातांनी गावगाडा चालला, त्यांची नावे गाड्यांवर कधी आली नाहीत. ते अंतर कमी करणे हे शाळांचे काम आहे.

यास्तव निर्णय दोन पातळ्यांवर घ्यावा, असे माझे मत आहे. ज्या गाडीत कुटुंब आणि प्रवासी बसणार, ती कारखान्याची असावी किंवा मान्यताप्राप्त संच बसवून नोंद बदललेली असावी. तेथे प्रयोगाला जागा नाही. शिकण्यासाठी मात्र रूपांतरासारखा दुसरा धडा नाही. कारखान्याची गाडी बंद पेटीसारखी असते. तिचे झाकण उघडण्याची मुभा आपल्या मेकॅनिकला नसते आणि लहानशा बिघाडासाठीही शहरातील केंद्र गाठावे लागते. ज्या मुलाने एकदा स्वतःच्या हाताने मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी जोडून पाहिली, त्याला ही पेटी गूढ वाटत नाही.

त्या दृष्टीने आपल्या विद्यालयाने भंगारातील एक चेसिस मिळवून, ४८ व्होल्टच्या आतील कमी दाबाची बॅटरी वापरून, केवळ आवारात चालणारी शिकाऊ गाडी जाणकारांच्या देखरेखीखाली तयार करावी, अशी सूचना मी माजी विद्यार्थी संघापुढे ठेवतो. आयटीआयमध्ये आता विद्युत वाहन मेकॅनिकचा स्वतंत्र व्यवसाय अभ्यासक्रम आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ई-बाहा स्पर्धेत विजेची गाडी स्वतः घडवण्याची संधी आहे. आपली मुले तेथपर्यंत पोहोचायची असतील, तर सुरुवात येथून व्हायला हवी.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. माझी गाडी रोज किती किलोमीटर धावते, आणि त्या मार्गावर घाट किती?

२. गाडीच्या चेसिसला आणि पत्र्याला अजून किती वर्षे आहेत?

३. बसवायच्या संचाला माझ्याच मॉडेलसाठी मान्यता आहे का? प्रमाणपत्राची प्रत मला मिळेल का?

४. आरसी बुकातील बदल आणि विम्याची नोंद कोण करून देणार?

५. बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि ती लेखी आहे का?

६. पावसाळ्यात बिघाड झाला, तर दुरुस्ती रत्नागिरीत होईल की पुणे-मुंबई गाठावी लागेल?

या सहांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तोंडी आश्वासनावर सोडू नये. समोरचा माणूस ओळखीचा असला, नात्यातला असला, तरी कागद मागावा. कागद मागण्याने नाते बिघडत नाही. आपल्या मागच्या पिढ्यांची जमीन आणि मजुरी लेखी पुराव्याच्या अभावी हातची गेली, याचे दाखले आपल्यातील प्रत्येक घराला ठाऊक आहेत. शाळेने आपल्याला अक्षर दिले ते कागद वाचता यावा आणि तो मागण्याचे धैर्य यावे यासाठी. गाडी कोणतीही घ्या, जुनी बदलून घ्या किंवा नवी घ्या, तिची किल्ली हाती घेण्यापूर्वी तिचे कागद स्वतः वाचा.